पहिलं ब्लेड घेताना : लाकूड हाताला काय सांगतं

टीटीची, म्हणजे टेबल टेनिसची, गोडी मुंबईत कुठेही लागते. सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये, कॉलेजच्या जिमखान्यात, ऑफिसच्या कॅन्टीनला लागून ठेवलेल्या टेबलावर. सुरुवातीची बॅट तयार मिळणारी असते, लाकडावर रबर कंपनीनेच चिकटवलेलं. सहा-आठ महिने त्यावर छान निघतात. मग फोरहँड जरा बसायला लागतो, बॉलला थोडा स्पिन देता येतो, आणि लक्षात येतं की या बॅटवरून बॉल नुसता घसरतोय. तेव्हा क्लबातलं कुणीतरी सांगतं, "आता ब्लेड वेगळं घे, रबरं वेगळी घे आणि बॅट बनवून घे." ब्लेड म्हणजे रबर न लावलेली, मुठीसकट नुसती लाकडी बॅट. हा लेख त्या टप्प्यावर आलेल्यांसाठी आहे.

रबराबद्दल सगळेच बोलतात. ब्लेडबद्दल बोलणारे कमी, आणि जे बोलतात ते लगेच वेगावर येतात. रबर वर्षा-सहा महिन्यांनी बदलावं लागतं. ब्लेड मात्र नीट सांभाळलं तर दहा वर्षंही साथ देतं. हाताला जी सवय लागते ती ब्लेडची लागते.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पहिलं ब्लेड पाच थरांचं, निव्वळ लाकडाचं, मध्यम वेगाचं घ्या. कार्बन तंतूचे थर घातलेलं नको. हे मत मी पुस्तकातून उचललेलं नाही, मी स्वतः उलटं करून बसलो होतो.

माझं पहिलं ब्लेड

नोकरीतला पहिला दिवाळी बोनस हातात आला आणि मी थेट धोबी तलावला गेलो. खेळाच्या सामानाची दुकानं तिथे ओळीने आहेत. काउंटरवरच्या माणसाने कार्बनचं ब्लेड काढून दिलं, "सगळे चांगले खेळाडू हेच नेतात" म्हणाला, आणि मी घेतलं. दुसऱ्या दिवसापासून माझे पुश, म्हणजे बॉलला खालून उलटी फिरकी देत हळूच परत केलेले फटके, उंच उडायला लागले. छोटी सर्व्हिस समोरच्याच्या टेबलावर दोन टप्पे घेईना, एका टप्प्यातच टेबलाबाहेर जायची. बॉल आत ठेवायचा म्हणून मी नकळत हात आखडायला लागलो. टॉपस्पिनचा (बॉलला घासून पुढे फिरकी देणाऱ्या फटक्याचा) झोका अर्धा झाला, मनगट बंद झालं. खरं नुकसान हे होतं. पॉइंट जातात ते परत मिळवता येतात, पण आखडलेला हात मोकळा करायला मला पुढचं जवळजवळ वर्ष लागलं.

दादरच्या आमच्या क्लबात एक काका होते, रेल्वेतून निवृत्त झालेले, रोज संध्याकाळी पाचला हजर. एकदा रबर बदलायचं म्हणून माझं ब्लेड उघडंच घेऊन बसलो होतो. काकांनी ते हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि आपल्या किटमधून एक जुनं लाकडी ब्लेड काढलं. मूठ घामाने काळी पडलेली, कडेचा एक टवका उडालेला. माझं ब्लेड माझ्या कानाजवळ धरून त्यांनी त्यावर बॉल टाकला. टिक्. मग त्यांचं. टोक्. आवाज खालच्या पट्टीतला, जरा रेंगाळणारा.

"ऐकलंस? आता मूठ धर, खेळताना धरतोस तशी, हलकी. डोळे मीट. मी बॉल टाकतो, कुठे लागला ते सांग."

जुन्या ब्लेडवर मला दहापैकी आठ वेळा सांगता आलं: टोकाला, मध्ये, मुठीजवळ. टोकाला लागला की तळहाताच्या खालच्या गादीत थरथर यायची, मध्ये लागला की बोटांत. माझ्या ब्लेडवर सगळीकडून जवळपास तोच एक कोरडा ठोका येत होता. काका म्हणाले, "अरे, तुला अजून शिकायचंय. तुझी चूक तुला सांगेल अशी बॅट घे. ही सांगतच नाही."

ही डोळे मिटून करायची चाचणी लक्षात ठेवा, ब्लेड निवडताना ती उपयोगी पडेल.

'फील' म्हणजे नक्की काय

बॉल बॅटवर असतो तो वेळ साधारण एका सेकंदाचा हजारावा भाग. एवढ्या वेळात मेंदू काही ओळखून हात वळवेल हे शक्यच नाही. हाताला जे जाणवतं ते बॉल निघून गेल्यावर, लाकडातून मुठीत आलेल्या कंपनांमधून. म्हणजे फील हा झालेल्या फटक्याचा अहवाल असतो. तो स्पष्ट आला तर पुढचा फटका सुधारतो. लवचिक लाकडी ब्लेड हा अहवाल सविस्तर देतं. ताठ कार्बन ब्लेड त्यातला बराचसा भाग गाळून टाकतं, कारण त्याचं कामच कंपनं कमी करणं आणि मधला चांगला भाग, ज्याला आपण स्वीट स्पॉट म्हणतो, तो मोठा करणं हे आहे. अनुभवी खेळाडूला ते हवंच असतं. त्याला अहवालाची गरज उरलेली नसते, त्याला टोकाला लागलेला बॉलही टेबलावर पाडायचा असतो.

कानाचा यात किती वाटा आहे याचा सगळ्यात मोठा पुरावा आपल्या मुंबईतच मिळाला होता. फेब्रुवारी १९५२ मध्ये जागतिक टेबल टेनिस स्पर्धा इथे झाली. जपानचा चष्मा लावणारा हिरोजी सातो जाड स्पंजची बॅट घेऊन आला आणि पुरुष एकेरीचा जगज्जेता होऊन गेला. तोवर सगळे दाणेदार रबराने खेळायचे आणि समोरच्याच्या बॅटचा 'पॉक' असा आवाज ऐकून बॉलचा जोर ओळखायचे. सातोच्या स्पंजमधून आवाजच येईना. वर्षानुवर्षं कानाने खेळणारे मोठमोठे खेळाडू त्याच्यापुढे चाचपडत राहिले. पुढे १९५९ मध्ये रबराच्या जाडीवर मर्यादा आली. आजही स्पंजसकट रबर गोंद धरून ४ मिलिमीटरच्या आतच असावं लागतं. दक्षिण मुंबईत सामान घ्यायला गेलो की मला ही गोष्ट हटकून आठवते. या खेळातल्या साहित्याचा इतिहास ज्या शहरात वळला, तिथे आपण बॅट निवडायला उभे असतो.

आधी कड पाहा

दुकानात ब्लेड हातात घेतल्यावर त्याच्या रंगीत मुठीकडे पाहू नका. ब्लेड आडवं धरा आणि कड डोळ्यांसमोर आणा. सँडविचसारखे थर दिसतील. मोजा.

पाच थर असतील तर मध्ये जाड गाभा, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक पातळ थर आणि बाहेर दोन पापुद्रे. गाभ्याचे रेषे बहुधा मुठीच्या दिशेने उभे, त्यालगतच्या थराचे आडवे, बाहेरचे पुन्हा उभे. प्लायवूडचीच युक्ती आहे: रेषे एकमेकांना छेद देतात म्हणून पातळ असूनही लाकूड वाकडं होत नाही. पाच थरांचं ब्लेड बॉल किंचित धरून ठेवल्यासारखं वाटतं. फटक्याला कमान चांगली मिळते, म्हणजे बॉल जाळीवरून जरा उंच जाऊन टेबलात उतरतो. शिकणाऱ्यासाठी ही कमान म्हणजे सुरक्षेची जागा.

सात थर असतील तर ब्लेड सहसा जास्त जाड, जास्त भरीव आणि वजनदार असतं. ब्लॉक (जोरात आलेला बॉल नुसती बॅट धरून परत करणं) आणि सपाट फटका जोरकस बसतो. जे टेबलाला चिकटून, ठोकून खेळतात त्यांना ते आवडतं. सात थरांचं लाकडी ब्लेड हे दुसरं ब्लेड म्हणून उत्तम. हाताला जोर असलेल्या, आधी बॅडमिंटन किंवा लॉन टेनिस खेळलेल्या माणसाला पहिलं म्हणूनही चालेल.

कडेला काळी किंवा निळसर-राखाडी, केसासारखी बारीक रेघ दिसली तर ते कृत्रिम तंतूचं ब्लेड. लाकडाचे पाच आणि तंतूचे दोन थर. ही रेघ कुठे आहे ते नीट पाहा, कारण सगळा फरक त्यात आहे. बाहेरच्या पापुद्र्याच्या लगेच खाली असेल तर बॉल टेकताक्षणी तंतू बोलतो, ब्लेड लगेच उसळी देतं. रेघ आत, गाभ्याला चिकटून असेल तर हलक्या फटक्याला ब्लेड लाकडासारखं वागतं आणि जोरात मारलं की मगच कार्बन जागं होतं. निव्वळ कार्बन सगळ्यात ताठ. ॲरिलेट हा दुसरा तंतू कंपनं शोषतो. दोन्ही विणून केलेलं कापड आज मोठ्या खेळाडूंमध्ये सर्वाधिक दिसतं. बटरफ्लाय कंपनीचं व्हिस्कारिया हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव: बाहेर कोटो, खाली ॲरिलेट-कार्बन, मग लिम्बा आणि मध्ये किरीचा गाभा.

नियम मात्र असा आहे की ब्लेडच्या जाडीचा किमान ८५ टक्के भाग नैसर्गिक लाकूडच असला पाहिजे, आणि तंतूचा एकेक थर एकूण जाडीच्या ७.५ टक्के किंवा ०.३५ मिलिमीटर, यातलं जे कमी असेल, त्याहून जाड नको. म्हणजे कितीही आधुनिक दिसलं तरी ते लाकूडच आहे, आणि कोणतं लाकूड हा प्रश्न सुटत नाही.

लाकडांची दोन-चार नावं ओळखीची करून घ्या. लिम्बा हे आफ्रिकेतलं, बाहेरच्या थराला वापरतात. मऊसर, लवचिक, टॉपस्पिनला बॉल पकडणारं. कोटोही आफ्रिकेतलंच, पण कडक आणि घट्ट. त्यावर बॉल खणखणीत सुटतो. आयूस हलकं आणि सरळ रेषांचं, पाच-सात थरांच्या ब्लेडचा गाभा बहुधा त्याचाच असतो. किरी त्याहून हलकं, म्हणून कार्बनच्या ब्लेडमध्ये मध्यभागी. बाल्सा तर इतकं हलकं की जाड गाभा करूनही वजन वाढत नाही, पण त्याची उसळी सगळ्यांच्या हाताला रुचत नाही.

आणि हिनोकी. हा जपानी सायप्रस जातीचा वृक्ष, लाकडाला मंद सुवास. पेनहोल्ड (पेन धरतात तशा) पकडीच्या जपानी-कोरियन परंपरेत हिनोकीचं एकच एक, नऊ-दहा मिलिमीटर जाडीचं ब्लेड वापरत. एकाच फळीचं, थर नाहीतच. कोरियाच्या र्यू स्युंग-मिनने २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये अशाच ब्लेडने एकेरीचं सुवर्ण जिंकलं. मी एकदाच असं ब्लेड हातात धरलं आहे. मऊ पण वेगवान, असा उलटा वाटणारा अनुभव मला दुसऱ्या कुठल्याही लाकडात आला नाही. नवशिक्याने घेऊ नये, पण कुणाकडे दिसलं तर दोन बॉल मारून जरूर पाहावं.

ताठ आणि कडक यांत गल्लत नको

ब्लेडच्या गप्पांमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ या दोन शब्दांचा. ताठपणा म्हणजे अख्खं ब्लेड किती वाकतं. कडकपणा म्हणजे वरचा पापुद्रा किती दबतो. बाहेर मऊ लिम्बा आणि आत जाड गाभा असलेलं ब्लेड हाताला मऊ लागेल, पण ताठ असेल. उलट, पातळ ब्लेडवर कोटोचा पापुद्रा असेल तर स्पर्श खणखणीत, पण ब्लेड वाकणारं.

पहिला स्पर्श बाहेरचा थर ठरवतो, जोराच्या फटक्यातली ताकद गाभा आणि जाडी ठरवतात. जाडीचं गणित डोळ्यांना फसवतं. तेच लाकूड असेल तर ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. ५.५ मिलिमीटरचं ब्लेड ६ मिलिमीटरचं केलं तर जाडी नऊ टक्क्यांनी वाढते, ताठपणा मात्र सुमारे ३० टक्क्यांनी. म्हणून अर्ध्या मिलिमीटरला "एवढ्याने काय होतं" म्हणू नका. पहिल्या ब्लेडसाठी साडेपाच ते सहा मिलिमीटरच्या आसपास राहा.

आता रबराचा संबंध. हलक्या फटक्यात बॉल फक्त रबर आणि स्पंजमध्ये रुततो, लाकडाचा आवाज फारसा येत नाही. जोर वाढला की स्पंज पूर्ण दबतो आणि बॉल लाकडापर्यंत पोचतो. मऊ आणि पातळ स्पंज असेल तर लवकर पोचतो, जाड आणि कडक असेल तर उशिरा. म्हणून ब्लेड तपासताना सगळ्या जोराचे फटके मारावे लागतात. नुसता खेळवत राहिलात तर तुम्ही रबर तपासत असता.

मूठ, वजन, आवाज

दुकानात तीन गोष्टी पाहायच्या. पहिली मूठ, आणि तिला नवशिके सगळ्यात कमी महत्त्व देतात. शेकहँड (हस्तांदोलनासारख्या पकडीच्या) ब्लेडच्या मुठी मुख्यतः तीन आकारांत येतात. खाली पसरत जाणारी फ्लेअर्ड, सरळ स्ट्रेट आणि मध्ये फुगीर ॲनाटॉमिक. मुंबईत बहुतेक क्लबांत पंख्याचा वारा बॉलला ढकलतो म्हणून पंखेही बंद असतात. दुसऱ्या गेमला तळहात चिंब. फ्लेअर्ड मूठ हातातून निसटत नाही, म्हणून आपल्याकडे नव्या माणसासाठी मी तीच सुचवतो. फोरहँड-बॅकहँड करताना पकड फिरवणाऱ्यांना स्ट्रेट सोयीची. पण नियम काही नाही. मूठ धरा, अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात ब्लेडचा खांदा कसा बसतो ते पाहा. पाच मिनिटं तशीच धरून दुकानातल्या दुसऱ्या वस्तू बघत फिरा. बोचत असेल तर नको, आत्ता थोडीशी बोचणारी मूठ दोन तास खेळल्यावर फोड आणेल. खांद्याची धार बारीक पॉलिश पेपरने हलकी गोल करता येते, आम्ही सगळेच करतो. मुठीची जाडी मात्र सहज बदलता येत नाही.

दुसरं वजन. बहुतेक ब्लेडं ८० ते ९५ ग्रॅममध्ये असतात, आणि एकाच मॉडेलच्या दोन नगांमध्येही चार-पाच ग्रॅमचा फरक पडतो, कारण लाकूड ते लाकूड. कापलेलं एक रबर साधारण ४५ ग्रॅम धरा. ८५ ग्रॅमचं ब्लेड घेतलं तर पूर्ण बॅट १७५ ग्रॅमला जाते, आणि ते बहुतेकांना पेलतं. १९० च्या पुढे गेली की तासाभराने मनगट आणि खांदा तक्रार करतात. दुकानात डिजिटल काटा मागा. दोन-तीन नग वजन करून दाखवा म्हणण्यात संकोच करू नका. लहान मुलासाठी घेत असाल तर ८० च्या आसपासचंच घ्या. हल्ली आई-बाबा मुलाला पहिल्याच वर्षी जड कार्बन बॅट देतात आणि दहा वर्षांच्या पोराचा खांदा दुखायला लागतो, हे पाहून मला खरोखर वाईट वाटतं.

तिसरा आवाज. मूठ हलकी धरून उघड्या ब्लेडवर बॉल उसळवा. आवाज जितका उंच पट्टीतला, तितकं ब्लेड ताठ आणि वेगवान. जितका खालचा, तितकं लवचिक. दोन ब्लेडं पाठोपाठ वाजवून पाहिली की न शिकलेल्या कानालाही कळतं. मग काकांची चाचणी: सोबतच्या मित्राला बॉल टाकायला सांगा, डोळे मिटा. टोक, मध्य, मुठीजवळ. जे ब्लेड तुम्हाला अचूक सांगेल ते बाजूला काढून ठेवा.

पाकिटावरच्या वेगाच्या आकड्यांवर विसंबू नका. एका कंपनीचा ८० आणि दुसऱ्या कंपनीचा ८० यांचा एकमेकांशी संबंध नसतो. डिफेन्सिव्ह, ऑलराउंड, ऑफेन्सिव्ह हे शब्द त्यामानाने कामाचे. ऑलराउंड किंवा त्याच्या एक पायरी वर, तिथेच थांबा. डिफेन्सिव्ह ब्लेडं ही टेबलापासून मागे जाऊन चॉप करणाऱ्यांसाठी (बॉल खाली कापत परत करणाऱ्यांसाठी), बॉल लागतो ते पानही बऱ्याचदा मोठं. ती शैली ठरवून निवडायची असते, नवशिका आहे म्हणून नव्हे.

घेण्याआधी उसनं खेळून पाहा

दुकानात खेळता येत नाही. म्हणून खरेदीच्या आधी दोन आठवडे क्लबात उसनवारी करा. टीटी खेळणारी माणसं या बाबतीत उदार असतात, फक्त हात पुसून बॅट मागा आणि रबरावर बोटं टेकवू नका. "दादा, दहा मिनिटं तुमची बॅट देता का?" एवढं पुरतं. शक्यतो सारखी रबरं लावलेल्या दोन वेगळ्या ब्लेडांची तुलना करा, नाहीतर फरक कशाचा ते कळत नाही.

सुरुवात पुशने. समोरच्याला बॅकस्पिन (उलटी फिरकी) द्यायला सांगा आणि वीस पुश जाळीलगत, छोटे ठेवायचा प्रयत्न करा. किती उंच उडतात, किती लांब जातात ते मोजा. इथे तुम्हाला बॉल मऊ हाताने ठेवता आला तर ब्लेड तुमच्या आवाक्यातलं आहे. मग छोटी सर्व्हिस, तिचा दुसरा टप्पा समोरच्याच्या टेबलावरच पडतो का? दहापैकी सहा पडल्या तर ठीक.

त्यानंतर बॅकस्पिनवर हळू टॉपस्पिन, जोर न लावता नुसता घासून वर उचलायचा. लवचिक ब्लेड इथे मदत करतं, बॉल जाळी ओलांडतो. ताठ ब्लेडवर तोच फटका बहुधा जाळीत जातो, कारण बॉल सपाट आणि लवकर सुटतो. या एका फटक्यावरून मी नव्या खेळाडूचं ब्लेड ठरवतो. हळू टॉपस्पिन ज्याला येतो त्याला जोरातला शिकता येतो, उलटं होताना मी पाहिलेलं नाही.

ब्लॉकला परिस्थिती उलटी. कुणालातरी जोरात टॉपस्पिन मारायला सांगा आणि नुसती बॅट धरा. ताठ ब्लेड स्थिर वाटेल, लवचिक ब्लेड जरा डगमगेल. पाच थरांच्या लाकडाची ही उणीव खरी आहे. पण ब्लॉकची स्थिरता हात आणि पायांच्या जागेतून बरीचशी भरून काढता येते, तर हरवलेला स्पर्श मागून येत नाही. शेवटी पाच-सहा फटके पूर्ण ताकदीने. जोर दुप्पट केला की वेगही वाढतोय, की एका मर्यादेनंतर ब्लेड "बस" म्हणतंय? पहिल्या वर्षी ती मर्यादा तुम्हाला लागणार नाही. ज्या दिवशी नियमितपणे लागेल, त्या दिवशी सात थरांचा किंवा आतल्या कार्बनचा विचार सुरू करा.

कुणी लाँग पिंपल्स, म्हणजे लांब दाण्यांचं रबर, घ्यायला सांगेल. मनिका बत्राने २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत एकेरीचं सुवर्ण बॅकहँडला लाँग पिंपल्स लावून जिंकलं, हे उदाहरणही देईल. ते रबर वापरायला वेगळं शिक्षण लागतं. पहिलं वर्ष दोन्ही बाजूंना सारखं, गुळगुळीत, मध्यम स्पंजचं रबर लावा, स्पंज १.८ किंवा २ मिलिमीटरचा.

नावं घ्यायचीच तर

स्टिगाचं ऑलराउंड क्लासिक, यासाकाचं स्वीडन एक्स्ट्रा, बटरफ्लायचं कोर्बेल. तिन्ही पाच थरांची, तिन्ही पिढ्यान्पिढ्या खेळली गेलेली. पहिलं सगळ्यात शांत, उरलेली दोन जास्त आक्रमक. हात संथ असेल, आठवड्यातून दोनदाच खेळत असाल तर पहिल्याकडे जा. नामांकित कार्बन ब्लेडच्या पैशात असं लाकडी ब्लेड आणि त्यावरची रबरं दोन्ही येतात. वर काही उरलं तर ते कोचिंगला लावा. फार स्वस्तात मिळणाऱ्या व्हिस्कारियापासून सावध राहा, त्याच्या नकला सर्रास फिरतात. ओळखीच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या आणि पक्कं बिल मागा.

रबर लावणं आणि पावसाळा

नवीन ब्लेडवर गोंद लावण्याआधी पाण्यावर आधारित रंगहीन वॉर्निशचा एक पातळ हात द्या, फडक्याने पुसल्यासारखा. लिम्बासारख्या मऊ पापुद्र्यावरचं रबर पहिल्यांदा काढताना रेषे निघतात, ते यामुळे वाचतात. दोन-तीन हात देऊ नका, स्पर्श कडक होतो. गोंदही पाण्यावर आधारितच वापरा. पूर्वी आपल्याकडे सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन सर्रास लावत. तसल्या उडून जाणाऱ्या द्रावणांवर २००८ पासून बंदी आहे, आणि ते आरोग्यालाही वाईट. गोंद दोन्हीकडे लावून पूर्ण पारदर्शक होईपर्यंत थांबा. जुलैत याला पंख्याखालीही दुप्पट वेळ लागतो. घाई केली की कडेला फुगवटे येतात. रबर काढताना एकदम खेचू नका, एका कोपऱ्यातून सुरू करून गोंदासकट सावकाश सोलत जा.

मुंबईची हवा लाकडाला मानवत नाही. जून ते सप्टेंबर लाकूड ओलावा पितं, ब्लेड दोन-तीन ग्रॅमने जड होतं, आवाज बसका येतो आणि रबरावरून बॉल घसरतो. माझा जुलैमधला टॉपस्पिन आणि जानेवारीमधला टॉपस्पिन एकाच बॅटने मारूनही वेगळे असतात, म्हणून पावसाळ्यात नवीन ब्लेडबद्दल मत बनवू नका आणि ते घाईने विकूही नका. बॅट कडक केसमध्ये ठेवा, आत औषधांच्या डब्यांत मिळतात तशा सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका आणि दर काही आठवड्यांनी बदला. ओला नॅपकिन आणि बॅट एका कप्प्यात कधीच नको. लोकलमध्ये किट वरच्या फळीवर टाकताना बॅट सपाट राहील असं पाहा, तिच्यावर कुणाची तरी बॅग येणारच असते. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ती विसरू नका, उष्णतेने गोंद सुटतो आणि पातळ ब्लेड वाकतं.

कडेला टेप लावायचा विसरू नका. टेबलाच्या कोपऱ्यावर ब्लेड आपटणं नव्या माणसाकडून पहिल्याच महिन्यात होतं, आणि उडालेला टवका परत येत नाही. खेळून आलात की मूठ कोरड्या फडक्याने पुसा, रबर ओलसर स्पंजने पुसून वाळवा, आणि केस लगेच बंद न करता बॅट अर्धा तास पंख्याखाली उघडी ठेवा.